गिम्प ३.० : फिरवलेल्या आकारांच्या कडांच्या कसोटीवर

चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण ब्रश किती आहेत, फिल्टर कोणते आहेत आणि पैसे किती पडतात एवढेच पाहतात. त्याआधी एक छोटी परीक्षा घ्यावी असे मी सुचवेन. पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद रंगाचा एक आयत काढावा, तो ५ अंशांनी फिरवावा आणि चित्र शंभर टक्के आकारमानावर ठेवून त्याच्या चारही कडा पाहाव्यात. कडा दातेरी दिसल्या, तर तिरका फलक, कललेले बोधचिन्ह किंवा तिरपे शीर्षक त्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उतरवायला जास्तीचे कष्ट पडणार, हे तिथेच कळते. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गिम्प ३.० या मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे हे परीक्षण मी याच एका कसोटीपुरते मर्यादित ठेवले आहे, कारण या एका प्रश्नात त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या उणिवा दोन्ही स्पष्ट दिसतात.

देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी तर ही कसोटी अधिकच महत्त्वाची आहे. रोमन लिपीत शब्दभर पसरलेली अखंड आडवी रेषा नसते. आपल्याकडे प्रत्येक शब्दाला शिरोरेषा असते. शीर्षक किंचित कलते केले की सर्वांत आधी बिघडते ती शिरोरेषाच. याचे गणित सोपे आहे. ५ अंशांनी कललेली रेषा सुमारे ११ पिक्सेल सरळ जाते आणि मग एका पिक्सेलची उडी घेते. म्हणजे ४०० पिक्सेल लांबीच्या शिरोरेषेवर साधारण ३५ पायऱ्या पडतात. कोन २ अंशांचा असेल, तर प्रत्येक पायरी सुमारे २९ पिक्सेल लांब होते. ४५ अंशांवर मात्र प्रत्येक पिक्सेलला एक पायरी येते आणि ती इतकी बारीक असते की डोळा तिला जवळजवळ सरळ रेषाच समजतो. कोन लहान तर दोषही लहान, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात लहान कोनात पायऱ्या लांब होतात आणि म्हणूनच ठळकपणे नजरेत भरतात. त्यामुळे कोणत्याही सॉफ्टवेअरची चाचणी ४५ अंशांवर घेऊन समाधान मानू नये.

पायऱ्या दिसू नयेत यासाठी सॉफ्टवेअरने काय करायला हवे, हे फार पूर्वीच स्पष्ट झालेले आहे. संगणकतज्ज्ञ फ्रँकलिन क्रो यांनी १९७७ मध्ये संगणकनिर्मित चित्रांतील या दोषाची मीमांसा केली, तेव्हापासून मूळ विचार तोच आहे: आकाराने एखाद्या पिक्सेलचा जेवढा भाग व्यापला असेल, तेवढ्याच प्रमाणात त्या पिक्सेलला आकाराचा रंग द्यावा. अर्धा पिक्सेल व्यापला असेल तर अर्धा रंग, पाव व्यापला असेल तर पाव. यालाच अँटिअलायझिंग म्हणतात. मात्र ‘अर्धा रंग’ म्हणजे नेमके किती, हे ठरवणे दिसते तितके सरळ नाही. काळ्यावर पांढरा आकार असेल, तर काळ्याचा ० आणि पांढऱ्याचा २५५ यांच्या मधला आकडा म्हणून १२८ घेण्याचा मोह होतो. परंतु प्रकाशाच्या हिशोबाने अर्धा उजेड पडद्यावरच्या नेहमीच्या एसआरजीबी मोजपट्टीवर १८८ च्या आसपास येतो. जे सॉफ्टवेअर केवळ आकड्यांची सरासरी काढते, त्याच्या कडा गुळगुळीत असूनही काळ्या पार्श्वभूमीवर रोडावलेल्या दिसतात.

या बाबतीत गिम्पचा पाया भक्कम आहे. २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून त्याचे सारे गणित जेगल या इंजिनावर चालते; चित्र प्रत्येक रंगासाठी १६ किंवा ३२ बिट अचूकतेने ठेवता येते आणि रंगांचे मिश्रण प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात करता येते. लेयरच्या, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांच्या, मोडची (रंग मिसळण्याच्या पद्धतींची) यादी उघडली की ‘डिफॉल्ट’ आणि ‘लेगसी’ असे दोन गट दिसतात, ते याच कारणाने. जुन्या फाइलमधील लेयर लेगसी गटात राहतात आणि त्यांच्या कडा आजही जुन्या पद्धतीने मिसळतात. जुन्या आणि नव्या फाइलमध्ये एकच आकार फिरवला आणि एकीकडे रेषा किंचित जाड, दुसरीकडे किंचित बारीक दिसली, तर शंका फॉन्टवर घेण्याआधी हा गट तपासावा.

आता प्रत्यक्ष रोटेट टूलकडे वळू. शिफ्ट आणि आर या कळा एकत्र दाबल्या की ते हाती येते. त्याच्या पर्यायांत ‘इंटरपोलेशन’ (नव्या पिक्सेलचा रंग जुन्यांवरून अंदाजण्याची पद्धत) नावाची यादी आहे आणि तीत नन, लिनियर, क्युबिक, नोहेलो आणि लोहेलो असे पाच पर्याय आहेत. नन निवडले, तर प्रत्येक नव्या जागी सर्वांत जवळचा जुना पिक्सेल जसाच्या तसा उचलून ठेवला जातो आणि कडा हमखास दातेरी होतात. पिक्सेल आर्ट करणाऱ्यांना हेच हवे असते, म्हणून तो पर्याय असणे योग्यच आहे. लिनियर जवळच्या चार पिक्सेलची प्रमाणबद्ध सरासरी घेते, त्यामुळे पायऱ्या जातात, पण सगळ्या चित्राला हलका धूसरपणा येतो. क्युबिक सोळा पिक्सेल विचारात घेते आणि बारकावे अधिक टिकवते. मात्र तीव्र फरकाच्या कडेशेजारी ते कधी कधी एक फिकट किंवा गडद पट्टा उमटवते. लाल पाटीवर पांढरी अक्षरे असतील, तर तो पट्टा लगेच जाणवतो.

नोहेलो आणि लोहेलो या दोन पद्धती हा पट्टा टाळण्यासाठीच आहेत. त्यांच्यामागे निकोला रोबिदू यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गणिती काम आहे, आणि माझ्या मते गिम्पमधील ही सर्वांत दुर्लक्षित चांगली गोष्ट आहे. आकार निम्म्याहून लहान करायचा असेल तर नोहेलो आणि फिरवणे किंवा तिरपे करणे यांसारख्या, आकारमान फारसे न बदलणाऱ्या कामांसाठी लोहेलो, असे गिम्पच्या मार्गदर्शिकेतच सांगितले आहे. सपाट रंगाच्या आकारांवर लोहेलो आणि क्युबिक शेजारी ठेवून पाहिले, तर लोहेलोची कड अधिक शांत वाटते. क्युबिकची कड तीक्ष्ण असली तरी तिच्या बाहेर एक अनाहूत छटा राहते. छायाचित्रात हा फरक क्वचितच कळतो, अक्षरांत आणि बोधचिन्हांत तो नक्की कळतो. लोहेलोला वेळ थोडा जास्त लागतो, पण एका शीर्षकासाठी ही किंमत काहीच नाही.

एवढी चांगली साधने असूनही ‘गिम्पमध्ये फिरवले की कडा फाटतात’ ही तक्रार का ऐकू येते? याचे कारण असे की ही साधने ठरावीक परिस्थितीतच काम करतात आणि ती परिस्थिती वापरणाऱ्याला ठसठशीतपणे कुठेही सांगितली जात नाही. चित्र इंडेक्स्ड मोडमध्ये असेल, म्हणजे जिफ किंवा मर्यादित रंगांची पीएनजी थेट उघडलेली असेल, तर मधल्या छटा ठेवायला रंगपेटीत जागाच नसते. अशा चित्रावर इंटरपोलेशनचा कोणताही पर्याय निवडला तरी तो लागू होत नाही. आधी ‘इमेज’ मेनूतून मोड आरजीबी करावा लागतो. दुसरी अट अशी की आकार लेयरच्या सीमेला अगदी भिडलेला नसावा. कडेच्या पिक्सेलला मिसळण्यासाठी पलीकडे पारदर्शक जागा हवी असते. म्हणून फिरवण्यापूर्वी लेयरची सीमा चारही बाजूंनी काही पिक्सेलने वाढवून घेणे आणि लेयरला अल्फा चॅनेल (पारदर्शकतेची नोंद) आहे ना हे पाहून घेणे सुरक्षित. फिरवत असताना पडद्यावर दिसणारे तात्पुरते चित्रही अंतिम फलापेक्षा ओबडधोबड असू शकते, म्हणून निर्णय फिरवण्याची क्रिया पूर्ण झाल्यावर आणि शंभर टक्के झूमवरच घ्यावा. ६७ टक्के किंवा तत्सम झूमवर जे दात दिसतात, ते पुष्कळदा चित्रातले नसून पडद्यावर चित्र लहान करून दाखवताना निर्माण झालेले असतात.

तरीही, माझ्या दृष्टीने या साऱ्या पर्यायांपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे: आधी फिरवावे, मग रंग भरावा. पिक्सेल एकदा तयार झाले की कोणतेही इंटरपोलेशन केवळ अंदाज बांधते. आकाराची मूळ भूमिती हाती असेल तर अंदाजाची गरजच उरत नाही. गिम्पमध्ये ही भूमिती पाथच्या, म्हणजे बिंदू जोडून आखलेल्या बाह्यरेषेच्या, रूपात ठेवता येते. पाथ टूलने आयत, बाण किंवा चौकट आखावी, रोटेट टूलच्या वरच्या भागात लेयरऐवजी पाथ हा पर्याय निवडून ती हवी तेवढी फिरवावी, आणि नंतरच ‘फिल पाथ’ या आज्ञेने नव्या लेयरवर रंग भरावा. त्या खिडकीत अँटिअलायझिंगचा चौकोन आहे; त्यावर बरोबरची खूण असली की प्रत्येक पिक्सेलचे व्यापलेले प्रमाण थेट भूमितीवरून काढले जाते. अशी कड आणि आयत आधी रंगवून मग लोहेलोने फिरवलेली कड यांची तुलना केली, तर पाथची कड नेहमीच अधिक नेटकी ठरते. कोन बदलावासा वाटला तर पाथ पुन्हा फिरवायचा आणि रंग पुन्हा भरायचा. गुणवत्तेत काहीही घट होत नाही.

मजकुरासाठी हीच पद्धत मी आग्रहाने सुचवेन. टेक्स्ट लेयर रोटेट टूलने फिरवला की गिम्प त्याचे पिक्सेल फिरवते. नंतर त्यातला एखादा काना किंवा अनुस्वार दुरुस्त करायला गेल्यास हे फिरवणे गमावण्याची किंवा नवा लेयर करण्याची वेळ येते. त्याऐवजी मजकुरापासून पाथ तयार करून तो फिरवला आणि भरला, तर शिरोरेषा आरपार सलग राहते, जोडाक्षरांच्या सांध्यांत धूसरपणा साचत नाही आणि मूळ टेक्स्ट लेयर बाजूला अदृश्य करून ठेवता येतो. लहान आकाराच्या अक्षरांत हा फरक विशेष जाणवतो, कारण तेथे एका मात्रेची जाडी दोन-तीन पिक्सेलपेक्षा जास्त नसते आणि एकदा धूसर झालेली मात्रा परत सावरत नाही.

गिम्पची खरी उणीव येथेच आहे. ३.० आवृत्तीत फिल्टर लेयरवर तसेच ठेवून नंतर बदलण्याची सोय आली, ही मोठी मजल आहे. पण रोटेट टूलने केलेला बदल मात्र या आवृत्तीतही लगेच पिक्सेलमध्ये कायम होतो. १० अंशांचे तीन फेरे आणि ३० अंशांचा एक फेरा यांचे फळ म्हणूनच सारखे नसते, कारण प्रत्येक फेऱ्यात चित्र नव्याने अंदाजले जाते आणि थोडे अधिक मऊ होते. फिरवणे आणि लहान-मोठे करणे दोन्ही करायचे असेल, तर युनिफाइड ट्रान्सफॉर्म टूलने ते एकाच वेळी करावे, म्हणजे हे अंदाजणे एकदाच होते. ९०, १८० आणि २७० अंशांच्या फिरवण्यात मात्र पिक्सेल फक्त जागा बदलतात, त्यामुळे तेथे कसलीही चिंता नाही. शेप काढण्यासाठी स्वतंत्र टूल ३.० मध्ये नाही, हीदेखील नवशिक्यांना खटकणारी गोष्ट आहे. साधा गोलाकार कोपऱ्यांचा आयत काढण्यासाठी त्यांना सिलेक्शन आणि पाथ यांची वाट शोधावी लागते.

फोटोशॉपमध्ये ही वाट सरळ आहे. तेथे शेप लेयर रास्टराइझ करेपर्यंत, म्हणजे पिक्सेलमध्ये बदलेपर्यंत, भूमितीच्या रूपातच राहतो आणि २००५ मध्ये सीएस२ आवृत्तीत आलेल्या स्मार्ट ऑब्जेक्टमुळे चित्र कितीही वेळा फिरवले तरी दरवेळी मूळ पिक्सेलपासूनच हिशोब होतो. या एका मुद्द्यावर फोटोशॉप निःसंशय पुढे आहे, आणि ज्यांना दिवसभर ग्राहकासमोर कोन बदलून दाखवावे लागतात, त्यांनी त्यासाठीचे वर्गणीचे पैसे वाया गेले असे समजू नये. क्रिटा या मोफत चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सफॉर्म मास्क, म्हणजे लेयरवर वेगळा ठेवलेला बदल, आहे. तो काढला की लेयर पूर्वस्थितीत येतो. शिवाय क्रिटाचे व्हेक्टर (भूमितीच्या रूपातले) लेयर २०१८ च्या ४.० आवृत्तीपासून एसव्हीजी या भूमिती साठवणाऱ्या फाइलप्रकारावर आधारलेले आहेत. म्हणजे मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे होऊ शकत नाही, असे म्हणायला जागा नाही.

निव्वळ आकार आणि अक्षरे यांचेच काम असेल, तर मी गिम्पऐवजी इंकस्केप हे व्हेक्टर चित्रांचे सॉफ्टवेअर घ्यायला सांगेन. तेथे फिरवणे म्हणजे फक्त कोनाची नोंद. कडा दरवेळी नव्याने रेखल्या जातात, कंट्रोल कळ दाबून धरली तर १५ अंशांच्या टप्प्यांनी नेमके फिरवता येते आणि पीएनजी काढताना हवे ते रिझोल्यूशन निवडता येते. मात्र तेथे एक वेगळाच दोष सामोरा येतो आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. एकमेकांना चिकटून असलेले दोन आकार फिरवले की त्यांच्या सांध्यावर केसाएवढी फिकट रेघ दिसू लागते. कारण असे की सांध्यावरच्या पिक्सेलचा अर्धा भाग पहिल्या आकाराने झाकला आणि उरलेल्या अर्ध्याचा अर्धा भाग दुसऱ्याने. एकूण ७५ टक्के झाकले जाते आणि २५ टक्के पार्श्वभूमी डोकावते. सॉफ्टवेअरला दोन आकार एकमेकांना पूरक आहेत हे माहीत नसते, त्याला केवळ टक्केवारी कळते. फरशीची नक्षी, ठिपक्यांच्या रांगोळीतील रंगीत खण किंवा पताकांचे त्रिकोण अशा जोडकामात ही रेघ नजरेला टोचते. खालच्या आकाराची कड वरच्या आकाराखाली एखादा पिक्सेल सरकवून ठेवणे, किंवा एकाच रंगाचे आकार युनियनने एक करून टाकणे, हाच त्यावरचा खरा उपाय आहे. गिम्पमध्ये दोन लेयर शेजारी ठेवून फिरवले, तर तेथेही नेमके हेच घडते, म्हणून जोडकाम एका लेयरवर एकत्र करून मगच फिरवावे.

मूळ फाइल मिळत नाही आणि हाती फक्त दातेरी आकार आहे, ही अडचण छपाईच्या कामात नेहमीची. गिम्पच्या ‘एन्हान्स’ गटात अँटिअलायझ नावाचा फिल्टर आहे आणि तो स्केल३एक्स या पद्धतीवर चालतो. ४५ अंशांच्या जवळपासच्या दातांवर तो बरा परिणाम करतो. पण तो प्रत्येक पिक्सेलच्या लगतचे शेजारीच पाहत असल्याने ११ किंवा २९ पिक्सेल लांबीच्या पायऱ्यांवर त्याची मात्रा चालत नाही, फक्त उडीचा कोपरा थोडा बोथट होतो. अशा वेळी आकाराचे सिलेक्शन करून क्विक मास्क (सिलेक्शन चित्रासारखे संपादित करू देणारी सोय) लावावा, त्यावर काही पिक्सेलचा गॉसियन ब्लर द्यावा, मग लेव्हल्समध्ये (उजेड-अंधाराच्या पातळ्या बदलण्याच्या खिडकीत) काळी आणि पांढरी खूण मध्याकडे आणून कड पुन्हा घट्ट करावी आणि त्या सिलेक्शनमध्ये नवा रंग भरावा. लांब कड बरीच सुधारते, मात्र अणकुचीदार कोपरे गोलावतात. ते हाताने नीट करावे लागतात. आकार साधा असेल तर त्यावरून पाथ नव्याने आखून घेणे अधिक चांगले, आणि बहुधा अधिक झटपटही.

पांढऱ्या पार्श्वभूमीतून कापून काढलेला आकार गडद रंगावर फिरवून ठेवला की भोवती पांढरी किनार दिसते, तिचे कारण फिरवण्यात नसते. कापतानाच कडेच्या पिक्सेलमध्ये पांढरा रंग मिसळलेला असतो. गिम्पचा ‘कलर टू अल्फा’ फिल्टर केवळ कडेपुरता वापरला, तर तो पांढरा भाग पारदर्शकतेत बदलतो आणि किनार नाहीशी होते. हे काम गिम्प अतिशय चांगले करते.

शेवटी निर्यात. जिफमध्ये पिक्सेल एक तर पूर्ण पारदर्शक असतो किंवा पूर्ण अपारदर्शक, त्यामुळे कष्टाने मिळवलेल्या अर्धपारदर्शक कडा तेथे एका क्षणात पुन्हा दातेरी होतात. पार्श्वभूमीचा रंग आधीच ठाऊक असेल तर ‘सेमी-फ्लॅटन’ने कडा त्या रंगात मिसळून घ्याव्यात, अन्यथा २५६ पातळ्यांची पारदर्शकता ठेवणारी पीएनजीच वापरावी. जेपेगमध्ये पारदर्शकता नसते आणि रंगाची माहिती सहसा कमी तपशिलाने साठवली जाते. म्हणून लग्नपत्रिकेतील लाल किंवा भगव्या तिरक्या पट्टीची कड नेमकी तेथेच विस्कटलेली दिसते. गिम्पच्या जेपेग निर्यातीच्या प्रगत पर्यायांत सबसॅम्पलिंग ४:४:४ वर, म्हणजे रंगाच्या पूर्ण तपशिलावर, ठेवले, तर फाइल थोडी मोठी होते, पण लाल कड पांढऱ्यावर स्वच्छ उतरते.